आमच्या पोरांची फाइल जाड, एजंटाचा परवाना कुठे?

पनवेल रेल्वे स्थानकातून बाहेर पडावे आणि रिक्षा स्टँडच्या खांबाकडे, एस.टी. स्टँडच्या भिंतीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेकडे नजर टाकावी. एक जाहिरात हमखास दिसते. ‘शिपमध्ये नोकरी! दहावी पास-नापास. पगार डॉलरमध्ये. जेवण-राहणे फ्री. त्वरित भेटा.’ खाली मोबाइल नंबर. मालकाचे नाव नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, सरकारी परवान्याचा क्रमांक तर नाहीच नाही. पावसात ती भिजते, फाटते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवी चिकटलेली असते. आमच्या सभेची पोस्टरे दोन दिवसांत उतरतात, ही जाहिरात मात्र वर्षानुवर्षे टिकून आहे.

मागच्या महिन्यात अशाच जाहिरातीला भुललेला एक तरुण आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आला. पनवेल तालुक्यातल्या एका गावच्या बौद्धवाडीतले हे कुटुंब. वडील कंटेनर यार्डात रोजंदारीवर होते, ते वारले. आई नवीन पनवेलला चार घरची धुणीभांडी करते. पोराने प्लास्टिकची फाइल टेबलावर ठेवली. आम्ही ती उघडून एकेक कागद मोजत गेलो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, डोमिसाइल, आधार, पॅन, पासपोर्ट, डॉक्टरचे मेडिकल, इंडोस नंबरचा कागद, पाच बेसिक कोर्सची पाच प्रमाणपत्रे, जी.पी. रेटिंगचे प्रमाणपत्र आणि शेवटी सीडीसी. सोळा कागद भरले. आम्ही विचारले, “बाळा, एजंटाने दिलेला कागद कुठे आहे?” पोरगा गप्प. आई म्हणाली, “भाऊ, त्याने कागद काय दिला न्हाय. पैसे घेतले आणि म्हणला, विश्वास ठेवा.”

साडेतीन लाख रुपये. रोख. पावतीसुद्धा नाही.

पुढची हकीकत पोराने मान खाली घालून सांगितली. एजंटाने त्याला व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवले. तिथून शारजात एका खोलीत बारा पोरांबरोबर चाळीस दिवस कोंडून ठेवले. मग एका जुनाट छोट्या टँकरवर चढवले. त्या जहाजावर झेंडा कुठल्या देशाचा होता हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. पासपोर्ट आणि सीडीसी कप्तानाने काढून घेतली. सात महिने काम केले, पगार एका महिन्याचा मिळाला. परत येण्याचे तिकीट आईने बचत गटाचे कर्ज काढून पाठवले. आता तो घरी आहे, कर्ज चालू आहे आणि एजंटाचा मोबाइल बंद आहे.

वाचकहो, ही एका पोराची गोष्ट असती तर आम्ही हा स्तंभ त्यासाठी खर्च केला नसता. पनवेल, खारघर, बेलापूर, वाशी या पट्ट्यात शिपिंगच्या नावाने पोरांना नाडणाऱ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत सतत येत असतात. कार्यालय भाड्याने घ्यायचे, भिंतीवर जहाजाचे मोठे चित्र लावायचे, टाय बांधलेली दोन माणसे बसवायची, तीन-चार महिने पैसे गोळा करायचे आणि एका रात्रीत शटर खाली. फसणारी पोरे कोणाची असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

कागदांना आमचा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करतो. जहाजावरचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी बुडून मरण्यातून आला आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाले, तेव्हा त्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्याच नव्हत्या. खालच्या दर्जाचे तिकीट काढलेले गरीब प्रवासी त्यात सर्वांत जास्त मेले. त्यानंतर १९१४ साली समुद्रातील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. खलाशाच्या प्रशिक्षणाचा करार, ज्याला आपली पोरे नुसते ‘एसटीसीडब्ल्यू’ म्हणतात, तो १९७८ चा. १९९५ आणि २०१० साली त्यात मोठे बदल झाले. त्या पाच बेसिक कोर्समध्ये पोराला लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायला शिकवतात, उलटा झालेला तराफा सरळ करायला शिकवतात, धुराने भरलेल्या खोलीत शिरून आग विझवायला शिकवतात. जखमी माणसाचे रक्त कसे थांबवायचे, जहाजावर परकी माणसे चढली तर काय करायचे, हेही त्यात येते. हे शिक्षण हवेच. सीडीसी म्हणजे खलाशाचे ओळखपत्र आणि नोकरीचे पुस्तक. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, याची नोंद त्यात होते. तीही हवी.

पण याच कायद्याने एक कागद दुसऱ्या बाजूलाही मागितला आहे आणि त्याच्याबद्दल आमच्या वस्तीत कोणी बोलत नाही. खलाशाला जहाजावर पाठवणाऱ्याकडे डी.जी. शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असला पाहिजे. पोरे त्याला ‘आरपीएसएल’ म्हणतात. २००५ साली त्याचे नियम आले, २०१६ साली नवे आले. या परवानाधारकाने नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे नियम सांगतो. त्याचा मोबदला जहाजाच्या मालकाने द्यायचा. पासपोर्ट, मेडिकल असा स्वतःच्या कागदपत्रांचा खर्च तेवढा खलाशाचा. जहाजावर चढण्यापूर्वी नोकरीचा लेखी करार झाला पाहिजे आणि त्याची प्रत खलाशाच्या हातात पडली पाहिजे. त्यात पगार किती, तास किती, सुट्टी केव्हा, आजारी पडला किंवा मेला तर भरपाई कोण देणार, परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेले असते.

थोडक्यात, साडेतीन लाखांतला एक रुपयाही मागण्याचा त्या एजंटाला अधिकार नव्हता. हे त्या मायलेकांना कोणी सांगितले नव्हते. सहा महिन्यांचा कोर्स, पाच छोटे कोर्स, एवढ्या वर्गांत बसलेल्या पोराला तराफा सरळ करता येतो, पण नोकरीसाठी पैसे द्यायचे नसतात हे त्याला ठाऊक नाही! याचा अर्थ आम्ही काय लावायचा?

हा नियम काही कालपरवाचा नाही. १९२० साली इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची परिषद खास खलाशांच्या प्रश्नांवर भरली होती. खलाशाला काम मिळवून देण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, असा करार तेव्हाच झाला. त्या काळी मुंबई बंदरात भरती सारंगांच्या आणि दलालांच्या हातात होती. सारंगाला पैसे चारल्याशिवाय बोटीवर नाव चढत नसे. १९३१ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील कामगार आयोगाने आपला अहवाल दिला, त्यातही खलाशांच्या भरतीतल्या या लाचखोरीची दखल आहे. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली मुंबईत खलाशांसाठी सरकारी रोजगार कार्यालय निघाले, ते हीच दलाली मोडण्यासाठी. आणि शंभर वर्षांनंतर सारंग पनवेलच्या व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर एसी लावून बसला आहे.

येथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. समुद्राची नोकरी आपल्याकडे नात्यागोत्यातून चालत आली. डेकवरची माणसे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, सलूनमधली गोव्याची. चुलता बोटीवर, मामा बोटीवर, मग भाच्याला रस्ता माहीत. त्यात त्या गरीब कष्टकरी समाजांचा काही दोष नाही, त्यांनाही सारंगाने लुबाडलेच. पण ज्याच्या घरात कोणीच बोटीवर गेले नाही, त्या घरातला पहिला मुलगा जेव्हा निघतो, तेव्हा त्याला खरा परवाना कोणता आणि खोटा कोणता हे सांगणारा चुलता नसतो. आमचे बाप-आजे गोदीत हमाली करत होते, कोळसा उपसत होते. बोट त्यांनी धक्क्यावरून पाहिली. म्हणून एजंटाला आमचा पोरगा बरोबर ओळखता येतो. दोन प्रश्न विचारले की त्याला कळते, याच्या मागे कोणी नाही.

आणि पनवेल काही समुद्राला परके गाव नाही. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचा माणूस बोटीने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून बोरघाट चढून पुण्याला जाई. याच जिल्ह्यात, जेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. मनुस्मृती जाळणारे लोक समुद्रमार्गे आले होते! शेजारी न्हावा-शेवाचे बंदर १९८९ पासून चालू आहे. त्यासाठी, सिडकोच्या शहरासाठी, आता विमानतळासाठी या परिसरातली गावे उठली. ज्याच्या नावावर सातबारा होता तो निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन भांडला, १९८४ साली जासईच्या आंदोलनात लोकांनी गोळ्या झेलल्या. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याने कोणता कागद घेऊन भांडायचे? त्याच्या पोराला बंदराने कंटेनर यार्डातली रोजंदारी दिली. मग त्या पोराने डोळ्यांसमोरून जाणाऱ्या जहाजावर चढण्याचे स्वप्न पाहिले, तर त्यात चूक काय?

कागद गोळा करतानाच त्याची दमछाक सुरू होते. आमच्या घरांतल्या नावांचाच घोळ पाहा. आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, बापाने धम्मदीक्षेनंतर बदललेले दुसरे. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, घरात त्रिशरण-पंचशील. आधारवर आईचे नाव एका अक्षराने चुकलेले. पासपोर्टसाठी, सीडीसीसाठी नाव अक्षरास अक्षर जुळले पाहिजे. मग गॅझेट करा, प्रतिज्ञापत्र करा, स्टँप पेपर आणा, नोटरी गाठा. घरपट्टी बापाच्या नावावर नसेल तर पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा? १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधत आमच्या पोरांची तारुण्याची वर्षे तहसील कचेरीच्या ओट्यावर गेली आहेत. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तरी केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागायला गेले की टेबलावरचा माणूस अजून आमच्याकडे वर-खाली पाहतो. एवढे सगळे दिव्य करून आलेल्या पोराला पुढे काय होते? दमलेला माणूस ‘सगळे कागद आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्याच्या पायाशी जाऊन बसतो. एजंटाचा धंदा तिथून सुरू होतो.

मग एजंटही कागदच विकतो! कुठल्या तरी लांबच्या बेटाच्या झेंड्याची सीडीसी, वर्गात पाऊल न टाकता मिळालेले कोर्सचे प्रमाणपत्र, परवानाधारक कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापलेले नेमणूकपत्र. पोराला वाटते काम झाले. पण असल्या कागदावर चढलेला खलाशी सरकारच्या संगणकात कुठेच नसतो. बोटीवर काढलेले महिने पुढच्या बढतीसाठी धरले जात नाहीत. तो बुडाला, पकडला गेला, उपाशी राहिला, तर दिल्लीला तो कोणत्या जहाजावर आहे हेच माहीत नसते. २०२० साली पाच तरुण भारतीय खलाशी इराणच्या तुरुंगात पडले. जहाजावर अमली पदार्थ सापडल्याचा आरोप होता. २०२१ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, तरी पासपोर्टसाठी त्यांना तिथेच महिनोन्‌महिने ताटकळावे लागले. इकडे त्यांचे आईबाप पत्रे लिहीत, पत्रकारांना भेटत फिरत होते.

आता कागद आणि सुरक्षितता यांचे नाते खरे किती, हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. १७ मे २०२१. तौक्ते वादळ. मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा राहण्याचा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, मदतनीस. ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे कामाला असलेली माणसे. सत्तरच्या आसपास माणसे एकट्या त्या बार्जवरची गेली. ‘वरप्रदा’ नावाची टगबोटही बुडाली. वादळाचा इशारा आधीपासून होता. वाचलेल्यांनी सांगितले की कितीतरी तराफे फाटके निघाले. नौदलाच्या जवानांनी जिवावर उदार होऊन माणसे काढली, त्यांना आम्ही सलाम करतो. पण तराफे तपासल्याचा कागद कुठेतरी फाइलला लागलेलाच असेल ना? त्यावर सही असेल, शिक्का असेल, तारीख असेल. कित्येक प्रेतांची ओळख डीएनए तपासणीने पटवावी लागली. मेलेल्या मजुराच्या बायकोकडे मागितलेले कागद मात्र एकही कमी झाले नसतील. वारस दाखला, विवाह नोंदणी, बँकेचे पुस्तक. तिच्या कागदावरची वेलांटी चुकली तर पैसे अडतात. तराफ्याच्या कागदावर खोटे लिहिले तर काय अडते?

हेच चित्र परदेशात. आखाती देशांत वर्षानुवर्षे ‘कफाला’ची पद्धत चालली. कफील म्हणजे तुमचा जामीनदार मालक. व्हिसा त्याच्या नावाने, राहण्याची परवानगी त्याच्या नावाने, काम सोडायचे तर त्याचे ना-हरकत पत्र. पासपोर्ट त्याच्या कपाटात. आमच्या वाचकांना हे ऐकून गावचा खोत आठवला, सालगडी आठवला, तर नवल नाही. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या पत्राची अट काढली, सौदी अरेबियाने २०२१ पासून ती सैल केली. कायदा बदलला तरी कपाटाची किल्ली कोणाकडे राहते, हा प्रश्न मात्र परत आलेला प्रत्येक माणूस विचारतो.

आपल्या सरकारने १९८३ साली उत्प्रवासन कायदा केला. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. भरती करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो, त्याने तीस हजार रुपये आणि कर यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, माणसाचा दहा लाखांचा विमा झाला पाहिजे. कायदा म्हणून चांगला आहे. पण व्हिजिट व्हिसावर विमानात बसवले की हा सगळा कायदा मागे मुंबईच्या विमानतळावर राहतो, कारण फिरायला जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही. आणि खलाशाची तर आणखी गंमत. सीडीसी असलेल्याला उत्प्रवासनाची मंजुरी लागत नाही, कारण त्याची काळजी डी.जी. शिपिंगने घ्यायची. बिनपरवान्याच्या एजंटाने पाठवलेला पोरगा डी.जी. शिपिंगच्या नोंदीत नाही आणि सीडीसी खिशात असल्यामुळे प्रोटेक्टरच्याही नोंदीत नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत तो पडतो. आमच्या बौद्धवाडीतला पोरगा नेमका त्याच फटीतून शारजात पोचला.

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने २०२४ सालाचे आकडे दिले आहेत. त्या एका वर्षात जगभर ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यांत सर्वांत जास्त कोण? भारतीय, ८९९. मालक पगार बंद करतो, डिझेल बंद करतो, अन्नपाणी बंद करतो आणि नाहीसा होतो. खलाशी जहाज सोडू शकत नाही, कारण बंदरात उतरण्याचा व्हिसा नाही. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, भारताने तो २०१५ साली स्वीकारला. दोन महिने पगार दिला नाही तर खलाशाला सोडून दिल्याचे धरावे, आणि चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची व परतीच्या खर्चाची हमी मालकाने आधीच देऊन ठेवावी, असे त्यात २०१७ पासून आहे. त्या हमीचा कागद जहाजावर दिसेल अशा ठिकाणी लावायचा असतो. आम्ही पोराला विचारले, “पाहिला होतास का रे?” तो म्हणाला, “काका, मेसमध्ये एक कागद होता. इंग्लिशमध्ये होता. मी विचारलं नाय.”

बाबासाहेबांना परदेशी जाण्याचे कागद चांगलेच ठाऊक होते. १९१७ साली ते लंडनहून परत आले तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. पहिल्या महायुद्धात ती बोट बुडवली गेली, पुस्तके समुद्रात गेली. पण सामानाची रीतसर नोंद होती, म्हणून त्यांना नुकसानभरपाई मिळाली आणि ते पैसे हातात घेऊन ते बडोद्याला गेले. तिथे काय झाले? राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत शिरायचे तर वहीत पारशी नाव लिहावे लागले. खोटे नाव लिहूनच त्यांना छप्पर मिळाले आणि ते उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी मिळवलेला माणूस! हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनात लिहिला, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. स्वतःच्या देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस म्हणून त्यांनी स्वतःकडे पाहिले. आमचा पोरगा शारजाच्या खोलीत चाळीस दिवस कसली वाट पाहत होता?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. सोळा कागद मागायचे असतील तर मागा, पण सतरावा एजंटाकडून मागा आणि तो पोलीस-प्रशासनाने मागितला पाहिजे. परवाना क्रमांक नसलेली जहाजाच्या नोकरीची जाहिरात खांबावर दिसली की त्या मोबाइल नंबरवर फोन करायला हवालदाराला किती वेळ लागतो? दुकानासाठी गुमास्ता परवाना लागतो, वडापावच्या गाडीला लागतो, पोरांना परदेशी धाडणाऱ्याचे शटर मात्र नुसते उघडते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांनी कोर्सच्या पहिल्याच दिवशी मराठीतून सांगावे की नोकरीसाठी पैसे द्यायचे नसतात. काही संस्था हे का सांगत नाहीत, याचे कारण शोधायला फार हुशारी लागत नाही. २०२५ साली संसदेने मर्चंट शिपिंगचा नवा कायदा केला, १९५८ चा जुना बाजूला ठेवला. नव्या कायद्याचे नियम करताना फसवल्या गेलेल्या खलाशाला कोणी बोलावले होते का, हे आमच्या खासदारांनी सभागृहात विचारावे.

आणि आपल्याच माणसांना थोडे. पनवेलहून लोकलने अर्ध्या तासावर, नेरुळजवळच्या करावे येथे टी.एस. चाणक्य ही नौकानयनाची सरकारी संस्था आहे. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचा ती भाग आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळे तिथे अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन प्रवेश परीक्षा दिली तर आमचा पोरगा, आमची पोरगी खलाशी नव्हे, जहाजाचा अधिकारी होऊ शकते. किती विहारांच्या फळ्यावर हे लिहिलेले आहे? १४ एप्रिलला डीजेवर होणारा खर्च आम्ही येथे काढत नाही, तो विषय पुन्हा केव्हा तरी. पण प्रत्येक विहारात एक तरी शिकलेला माणूस असा हवा, की ज्याच्याकडे पोरगा पैसे देण्याआधी जाईल आणि जो डी.जी. शिपिंगच्या अधिकृत यादीत त्या कंपनीचा परवाना चालू आहे की रद्द झाला आहे हे मोबाइलवर पाहून सांगेल. पाच मिनिटांचे काम आहे. खलाशांच्या मान्यताप्राप्त युनियनचा पत्ता त्याने भिंतीवर लावावा. निघणाऱ्या पोराच्या कराराची एक प्रत आईजवळ राहील, एवढे पाहावे.

त्या मायलेकांना घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो होतो. अंमलदाराने विचारले, “पैसे दिल्याची पावती आहे का?” आम्ही म्हणालो, पावती असती तर आलोच कशाला असतो? मग ते म्हणाले, हे दिवाणी प्रकरण दिसते, अर्ज देऊन जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवावाच लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे, हे आम्ही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. बँकेतून एकाच आठवड्यात तीनदा काढलेल्या रकमांचा उतारा, शारजाच्या तिकिटाची प्रत, एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले आवाजाचे संदेश, सगळे जोडून आम्ही पाच पानी अर्ज दिला. आई सही करायला शिकली आहे. तिने पाचही पानांवर सही केली आणि विचारले, “भाऊ, आता हे आपला कागद घेतील, मग आपल्याला काय देतील?” आम्ही म्हणालो, “पोच.” अंमलदार म्हणाले, शिक्का साहेबांच्या टेबलात आहे, साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेलो, साहेब रजेवर. येत्या सोमवारी पुन्हा जातो आहोत, सकाळी अकरा वाजता. ज्यांच्या घरातल्या पोरांचे असेच पैसे गेले आहेत, त्यांनी आपापल्या फायली घेऊन त्याच वेळी आमच्याबरोबर यावे.